अण्णा, आता ते आपल्याकडे येतात

अण्णा, तुम्ही अमेरिकेहून परत आलात ती दुपार मला अजून लख्ख आठवते. नल्लकुंट्याच्या घरी आई अंबाडी निवडत बसली होती आणि फाटकाशी ऑटो थांबला. वर्षभरासाठी गेलेला माणूस मध्येच दारात उभा, हातात एकच बॅग. "काम लवकर संपलं का हो?" आईनं विचारलं. चपला काढत तुम्ही म्हणालात, "संपलं नाही. संपवलं." मग हातपाय धुऊन जेवायला बसलात आणि भाकरी मोडता मोडता सगळं सांगितलंत. तुमच्या सरकारी प्रयोगशाळेनं तुम्हाला तिकडे पाठवलं होतं, विमान हवेत तोल कसा सांभाळेल याची गणितं त्यांच्या माणसांबरोबर एका टेबलावर बसून मांडायला. देशाची दारं नुकतीच उघडली होती, गावात परदेशी कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, दोन्ही देशांच्या दोस्तीबद्दल पेपरात रोज काही ना काही यायचं. तेवढ्यात आपण अणुचाचणी केली आणि त्यांच्या सरकारनं सगळं थांबवलं. सकाळी तुम्ही कामावर गेलात तर गेटवर तुमचं कार्ड चालेना. पहारेकरी टेबलापर्यंत बरोबर आला आणि म्हणाला, फक्त चष्मा, कोट, घरचा फोटो घ्या. तुमच्या हातानं मांडलेली गणितं तिथेच राहिली. तुमच्या शेजारी बसणारा पिकल्या केसांचा इंजिनिअर तुम्हाला विमानतळावर सोडायला आला आणि तुम्ही गाडीतून उतरताना एवढंच म्हणाला, "मला लाज वाटते."

मी तेव्हा नुकतीच इंजिनिअर झाले होते. एका अमेरिकी कंपनीच्या गावातल्या नव्या ऑफिसात मला नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. तुमचं बोलणं ऐकून मी तिथेच म्हणाले, "मी नाही जाणार त्यांच्याकडे." तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवलात. खरे चिडलात की तुम्ही इथल्या दखनी हिंदीवर यायचात. "मेरा गुस्सा तू कैकू ढोती?" मग आवाज खाली आणून म्हणालात, "त्यांनी मला बाहेर काढलं, कारण सगळं त्यांच्या हातात होतं. तू जा. असं काम शिक की उद्या त्यांना तुझी गरज लागेल. मग समोर बस आणि आपलं मागून घे."

मी गेले. तुम्हीही थांबला नाहीत. तुम्ही आणि तुमच्या साथीदारांनी तीच गणितं इथे बसून नव्यानं मांडली. चिक्कडपल्लीच्या बाजारातून भाजी आणतानासुद्धा तुम्ही आकडे पुटपुटत यायचात आणि निम्मी भाजी विसरायचात. मग एक दिवस टीव्हीवर ते विमान धावपट्टीवरून वर गेलं आणि तुम्ही लहान पोरासारखे ओरडलात, "उडालं की गं!" तेवढं बघायला मिळालं. पुढचं नाही मिळालं. त्यांची बंदी पुरती उठली तेव्हा तुम्ही नव्हतात.

ते पुढचंच सांगायचंय. मी नंतर विमानाचे भाग बनवणाऱ्या इथल्याच एका कंपनीत आले आणि भागीदारीचं बोलायला अमेरिकी लोक आमच्याकडे आले. सगळं ठरत आलं होतं. मी म्हणाले, आणखी एक कलम हवं: उद्या दोन सरकारांचं बिनसलं, तरी आमच्या माणसांनी केलेलं काम आमच्याजवळ राहील. त्यांचा वकील हसला. "दोस्तीत असलं कोणी लिहितं का?" मी म्हणाले, "दोस्ती आहे तोवरच लिहून घेऊ. भांडण झाल्यावर कोण लिहून देणार?" आमचे साहेब कानाशी लागले, "सोड ना बाई, करार जाईल." पण मी सोडलं नाही. ते लोक उठून बाहेर गेले. चहा तसाच निवला. परत आल्यावर त्यांच्या प्रमुख बाई, आपल्या आईच्या वयाच्या, माझ्यासमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्यात कोणाला सोसावं लागलं होतं?" मी म्हणाले, "माझ्या वडिलांना." त्या वकिलाकडे वळून म्हणाल्या, "लिहा. दोघांनाही लागू करा. आपलीही माणसं इथे येऊन काम करणार आहेत."

आणि येतात, अण्णा. इतकी वर्षं झाली, येतच आहेत. सध्या तिकडची एक मुलगी आमच्या पोरींबरोबर एका टेबलावर बसते. परवा तिचं आणि आमच्या एकीचं एका आकड्यावरून असं जुंपलं की जेवणाची सुट्टी उलटून गेली. शेवटी दोघींचंही चुकलेलं निघालं, आणि दोघी हसत इराणी चहाला गेल्या. त्यांना कशाची भीती वाटत नाही. मी लांबून बघत उभी राहिले आणि फार बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ऑफिसात मला सगळे धीराची समजतात. पण अजूनही तिकडून अवेळी फोन आला की आधी हेच वाटतं, पुन्हा सगळं थांबवलं त्यांनी. दोन-तीन रिंग तशाच जाऊ देते. मग उचलते.