मामींचं मशीन उठेना

दुधनी,
गुरुवार, दुपारची सुट्टी (साहेब जेवायला गेलेत, येईपर्यंत पत्र पुरं करायचं आहे)

चि. बिरप्पा यास (ऑफिसातल्या भाषेत मा. बी. डी. सर यांच्या सेवेशी), तुझ्या धनाजीदादाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुझी तब्येत कशी आहे ते कळव. व्हिडिओ कॉलवर तुझं अर्धंच तोंड दिसतं, पण तेवढं तरी भरल्यासारखं वाटलं. बंगळूरचं पाणी मानवलेलं दिसतंय. तू म्हणशील, मोबाईल असताना दादाने पोस्टाला कामाला का लावलं. तर फोन करावा तेव्हा तू मीटिंगमध्ये असतोस. फॅमिली ग्रुपवर लिहावं तर तुझे वडील, म्हणजे आमचे मामा, ते मोठ्याने मामींना वाचून दाखवतात, आणि या पत्रात असं काही आहे की जे मामींसमोर वाचलं तर मला सोलापुरात पुन्हा जेवायला मिळायचं नाही. म्हणून पत्र. एकट्याने वाच.

मूळ मुद्दा असा, की तू मामांना फोनवर सांगितलंस, घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्या, मी नवा लॅपटॉप मागवून देतो. मामांना तेवढंच निमित्त हवं होतं. त्या टेबलाच्या जागी खिडकीशी आरामखुर्ची टाकायची हा त्यांचा जुना बेत आहे. त्यांनी भंगारवाल्याला रविवारी यायला सांगूनही टाकलं. मामी म्हणाल्या, मशीन जाणार नाही. (मामी त्याला कॉम्प्युटर म्हणत नाहीत. त्यांच्या हिशेबी जगात मशीन दोनच, एक शिवणाचं आणि एक बिरूचं.) पण बिरूचं मशीन दसऱ्यापासून सुरूच होत नव्हतं, त्यामुळे मामांची बाजू भक्कम होती. शेवटी तह असा झाला, की भंगारवाला दारात यायच्या आत धनाने मशीन उठवलं तर ते राहील, नाहीतर जाईल. म्हणजे भांडण नवराबायकोचं आणि मान माझी. मला यातलं किती कळतं हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या ऑफिसात बसून मी ऑनलाइन माहिती भरतो, एवढंच. पण 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य मी ज्या अधिकाराने म्हणतो त्यावरून आपल्या नात्यागोत्यात माझं नाव झालंय, त्याला मी काय करू?

रविवारी सकाळच्या गाडीने जुळे सोलापुरात पोचलो. चहा झाल्यावर बाह्या सरसावून बटण दाबलं. काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. मी गंभीर चेहऱ्याने वायरी हलवल्या, मागची धूळ पुसली, 'बोर्ड गेलेला दिसतोय' असंही म्हणून घेतलं. मग दिसलं, की प्लग काढून तिथे मामांनी मोबाईल चार्जिंगला लावला होता. (बोर्ड गेला हे वाक्य मी परत घेतलं नाही. पुढे उपयोगी पडेल म्हणून ठेवलं.) प्लग लावल्यावर पंखा कण्हला आणि आतून लांबलचक शिट्ट्या सुरू झाल्या. पडदा मात्र काळाठिक्कर. शिट्ट्या ऐकून मामींनी स्वयंपाकघरात कुकरखालचा गॅस बंद केला, त्यामुळे त्या दिवशी भात कच्चा राहिला आणि त्याचाही ठपका माझ्यावर आला.

आता मामांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेली. जगातली कुठलीही वस्तू सुरू होत नसेल तर तिची बॅटरी उतरलेली असते, नाहीतर सेल्फ गेलेला असतो, यापलीकडे तिसरं कारण ते मानत नाहीत. ते कान लावून म्हणाले, सेल्फ मारतोय पण इंजिन उचलत नाही, धक्का द्यावा लागेल. आणि मी मध्ये पडायच्या आत त्यांनी त्या डब्याला दोन्ही हातांनी असा धक्का दिला की त्यावर ठेवलेला गणपती माझ्या मांडीवर आला. मी घाबरून नव्या पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, बूट होतोय का ते बघा. स्पीकर चालू होता. मामी दुखावल्या. म्हणाल्या, त्याला सांग, आमच्यात त्या खोलीत चपलासुदिक नेत न्हाईत, बूट कुठला. मग दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून आत बघायला सांगितलं.

झाकण उघडलं आणि बिरप्पा, मी कपाळाला हात लावला. आत सगळं पिवळंधमक. मी मामींकडे बघितलं. तुला माहीत नसेल, पण तू नोकरीला गेलास त्या वर्षापासून खंडेनवमीला मामी या मशीनची पूजा करतात, आणि बिरोबाचा भंडारा मूठ भरून वरच्या जाळीतून थेट आत सोडतात. बाहेरून बोट का लावत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, जीव आत असतोय, भाइर लावून त्याला काय कळणार. यंदा पूजेनंतरच मशीन बंद पडलं, तेव्हा देव रागावला असेल म्हणून त्यांनी आणखी दोन मुठी घातल्या होत्या. देवाची हळद झाडूने लोटायची नाही, असंही बजावलं. मग मामांनी सायकलचा हवा भरायचा पंप आणला. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पंप मारला, आणि त्यात खोलीतला टेबलफॅन फुल्ल चालू. पुढचं काही दिसलं नाही. खोकत खोकत आम्ही मामा-भाचे ओट्यावर आलो ते नखशिखांत पिवळे. शेजारच्या मल्लव्वाकाकू धावत आल्या, 'एनायतु, एनायतु' म्हणजे काय झालं म्हणून कानडीत विचारू लागल्या, मग आमचा रंग बघून त्यांचा त्यांनीच अंदाज केला. 'चांगभलं' म्हणाल्या, माझ्या शर्टावरचा भंडारा बोटाने घेऊन कपाळाला लावला आणि घरातून नारळ आणून दिला. मी घेतला. त्या परिस्थितीत खुलासा करणं शक्य नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, की आत मेमरीची हिरवी पट्टी असते, ती उपसून तिचे पितळी दात खोडरबराने घासा. मला वाटलं थट्टा करतोय, पण खरंच तसं करतात म्हणे. मामींनी तुझ्या शाळेच्या कंपासपेटीतलं खोडरबर काढून दिलं. (अजून आहे. त्यावर तू पेनाने दाढीमिशा काढलेला माणूस आहे, तो अगदी मामांसारखा दिसतो.) मी दात घासत बसलो आणि सहज मामींना विचारलं, तुम्ही या मशीनवर करता तरी काय. मला वाटलं, तुझ्या लग्नाचे फोटो बघत असतील. मामी म्हणाल्या, 'काय न्हाय. चालू करती. मग बंद करती.' बंद कशा करता विचारलं, तर भिंतीवरचं बटण दाखवलं. मामा हसून म्हणाले, धना, ऐकलंस का, हे असलं वेड हाय. मलाही तेव्हा हसू आलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. मामांनी खिडकीशी जाऊन टेप लावली, आरामखुर्ची मावते का बघायला. मामी फक्त पदराने ते दोन डबडे स्पीकर पुसत राहिल्या, आणि मग भाकरी थापायची म्हणून आत गेल्या. मी पट्टी बसवली, झाकण न लावताच बटण दाबलं. शिट्टी नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, अमुक बटण दाबा म्हणून. दाबलं. पडदा निळा झाला, पंखा घरघरला, आणि स्पीकरमधून आवाज आला.

'आये, मी आलो. भाकरी वाढ की.'

तुझा आवाज, बिरप्पा. फुटायच्या आधीचा, चिरका. मशीन घरात आलं तेव्हा तू सातवीत होतास. सुरू होताना वाजणारं मूळचं संगीत काढून तू तिथे हे घातलं होतंस. तुला आठवतही नसेल. मलाही नव्हतं. मी काही बोलणार, तोच आतून, परातीवरचे हात न थांबवता, मामींचा आवाज आला, 'वाढते रं. हातपाय धू आदी.'

खरं सांगतो, मला गलबलून आलं. रोज दुपारी मामा पेन्शनरांच्या कट्ट्यावर गेले की मामी मशीन चालू करायच्या, तुझं ऐकायच्या, उत्तर द्यायच्या आणि भिंतीवरून बंद करायच्या. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते हातात टेप घेऊन तसेच उभे राहिले. मग दार वाजलं. मामा बाहेर गेले, आणि भंगारवाला रिकाम्या हाताने जायला नको म्हणून त्यांनी त्याला सायकलचा पंप देऊन टाकला. त्यानंतर आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कच्चा भात खाल्ला. मामांनी दोनदा वाढून घेतलं. एकूण दिवस फार चांगला गेला.

साहेब आले. थांबतो. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
धनाजीदादा

ता. क. : तू मागवणार होतास तो लॅपटॉप मामींना नको आहे. ऑर्डर रद्द करण्यात तुझा वेळ जाईल. माझा दुधनीचा पत्ता पाकिटावर मागच्या बाजूला आहे.

आणखी एक : त्या मशीनमध्ये घड्याळात असतो तसला एक सेल असतो, तो मेला आहे. त्यामुळे मशीन रोज जुन्याच सालात जागं होतं. मी नवा सेल आणला होता. मामींनी विचारलं, यानं काय होतं. मी म्हणालो, तारीख आजची होईल. त्या म्हणाल्या, 'नको मग. तितं त्यो अजून शाळंतनं येतोय. येऊ दे की.' सेल माझ्या खिशात आहे.

शेवटचं (हेच ते, मामींसमोर न वाचण्यासारखं) : काल मामांचा फोन आला. मशीन उठल्याच्या आनंदात मामींनी पुन्हा मूठभर भंडारा आत सोडला आणि ते पुन्हा उठेना. पट्टीचे दात घासायला मला फार तर चहा गार होईपर्यंत वेळ लागेल. पण मी अगदी साहेबी आवाजात सांगितलं, की बोर्ड गेला, आता हे माझ्या हाताबाहेरचं आहे, ज्याचं मशीन त्यालाच यावं लागेल. दिवाळीला येतो म्हणालास, मग संक्रांतीला म्हणालास. रात्री गाडीत बसलास तर सकाळी घरी असशील. खोडरबर कंपासपेटीतच आहे. दारातून आत शिरताना काय म्हणायचं, ते तुला पाठ आहेच.