खणाच्या तोंडावरचा माणूस

३ ऑगस्ट
बितुंग बंदराच्या धक्क्यावर नवी नोकरी. संकल्प: ही वर्षभर टिकवायची. नूडल्सची गाडी सुटली ती मालकाच्या स्वभावामुळे, कोंबड्यांचं काम माझ्या नाकामुळे. इथे जुन्या बोटींचे मासळीचे खण साफ करायचे. नाकाचं बघू.
आत उतरतो माझा चुलतभाऊ, जामरिनदादा. मला मुकादम वेलेमकाकांनी वर, खणाच्या तोंडाशी स्टुलावर बसवलं. आम्ही बाजाव, पिढीजात पाणबुडे. आजोबा एका दमात समुद्राचा तळ गाठायचे. नातू स्टुलावर.

४ ऑगस्ट
काकांचे नियम: आधी वायू मोजायचं मशीन खाली सोडून आतली हवा तपासायची. पंखा चालू ठेवायचा, पेट्रोल बघायचं. आतल्याच्या कमरेला दोर, दोर कप्पीवर. मी हाका मारायच्या, त्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर बोंब मारून कप्पीचं हँडल फिरवायचं, माणूस वर येतो, बस.
"सख्खा भाऊ पडला तरी तू आत जायचं नाहीस. तू गेलास तर वर कोण राहिलं?"
मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाला वाईट कशाला वाटू द्या.

७ ऑगस्ट
पंखा लावायच्या आधीच शिडीच्या चार पायऱ्या उतरून पाहिलं. सडक्या अंड्यांचा वास. मग एकदम वासच बंद. म्हणजे नाक सुधारलं. दादाला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. कॉलर धरून वर ओढलं मला. म्हणे वास गेला म्हणजे नाक मेलं, पुढचा नंबर तुझा. पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याचं. माणूस भित्रा होतो.

१० ऑगस्ट
पिंपात डोकं घालून दम धरायचा सराव. हमाल हसले. एकजण म्हणाला, "समुद्राचे जावई, पिंपात मासे लागतात का हो?" लक्ष दिलं नाही. उद्यापासून पहाटे पोहणं. (उद्या रविवार. परवापासून.)

१२ ऑगस्ट, दुपार
आजची बोट मालकांच्या भांडणात कित्येक महिने पडून होती, मासळीसकट. सकाळी मशीन किंचाळलंच. काकांनी बराच वेळ पंखा चालवून, पुन्हा तपासून मग दादाला उतरू दिलं. तळाशी रेंदा आहे, तो ढवळला की वायू उठतो, पंखा बंद पडता कामा नये. हे मला दोनदा सांगितलं. मी काय बहिरा आहे?
पलीकडे मोठं जहाज लागलंय. सुराबायाला जाणार, माणसं घेतात म्हणे. उभ्या उभ्या विचारून येतो. दादा ओ देतोय. पेट्रोल पुरेल.

१४ ऑगस्ट, हॉस्पिटल
खरं ते लिहून ठेवतो. मी फार वेळ गेलो नव्हतो. जहाजावर सिमेंट होतं, माणसं नको होती. येताना तळलेली केळी घेतली, मिरचीची चटणी लावून. भूक कुणालाही लागते. धक्क्यावर आलो तर सगळं शांत. पंखा बंद.
हाक मारली. ओ नाही.
हँडल हाताशी होतं. पण हँडल कुणीही फिरवतं. मी छातीभर दम घेतला आणि बिनदोराचा उतरलो. दादापर्यंत पोचलोसुद्धा. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.
पाण्यात दम संपला तरी माणूस तोंड उघडत नाही, पाणीच उघडू देत नाही. इथे पाणी नव्हतं. नुसती हवा, नेहमीसारखी दिसणारी. दादाला उचलताना एक श्वास घेतला गेला.
पुढचं ऐकीव. रिकामं स्टूल पाहून हमालांनी हँडल फिरवलं, दादा वर आला. मला दोर नव्हता, म्हणून काका पाठीवर हवेची टाकी बांधून उतरले. मला चढवताना शिडीवरून पडले. गुडघा गेला. वय झालंय त्यांचं, त्यांनी जपायला हवं होतं.

१९ ऑगस्ट
दादाने आज डोळे उघडले. आभार मानायला लागला तर काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. स्वतःच्या आईला त्याने ओळखलं. होणाऱ्या बायकोचं नाव आठवायला वेळ लागला, ती बाहेर जाऊन रडली. काका कुबडी घेऊन आले होते. दादाने त्यांना जवळ बोलावलं. जीभ जड झालीय, एकेक शब्द ओढत विचारलं,
"तोंडावर... कोण... होतं?"
काकांनी माझ्याकडे पाहिलं.
"कुणी नव्हतं," म्हणाले.
मी खाटेच्या पायथ्याशीच उभा होतो.