दोनशे तीन फेरे

लूप नदीचा काठ, नेब्रास्का
२ सप्टेंबर १८८४

आदरणीय ल्यूशियसदादा यांस,

अल्मायराचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि परसातली सफरचंदं यंदा ठीक असावीत अशी आशा करते. मी खुशाल आहे. (डोळ्याखालची सूज उतरली. खेचराशी मतभेद झाले होते, ते मिटले.) चाळीस पोरांना पाढे शिकवणाऱ्या बाईनं जमीन कसायला जाऊ नये, असं तुम्ही स्टेशनावर चारचौघांत म्हणाला होता. पुढे जे घडलं त्यात मोजणीचाच संबंध आहे, तेव्हा ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

सरकार एकशेसाठ एकर देतं, पण नोंदणीपासून सहा महिन्यांत स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या घरात राहायला लागलं पाहिजे. नाही तर नाव खोडतात. माझे सहा महिने एक ऑक्टोबरला भरतात. इथे मोजणीची साखळी कुणाकडे नसते. गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधायची, कोपऱ्याच्या खुंटीपासून निघायचं, आणि चिंधी वर आली की एक फेरा धरायचा. शेजारणीची जमीन ओलांडून माझ्या हद्दीपर्यंत दोनशे तीन फेरे. एकशेबाराव्या फेऱ्याला समोर घुंगरी साप उठला. खेचर उजवीकडे गेलं, गाडी त्याच्यामागे, आणि मी मास्तरणीला न शोभणारे काही शब्द वापरले. सगळं शांत झालं तेव्हा आकडा डोक्यातून गेला होता. शहाणं माणूस खुंटीपाशी परत गेलं असतं. मी अंदाजानं एक आकडा धरला आणि पुढे निघाले. (आपल्या घराण्यात परत फिरलंय कोण? चुकून दुसऱ्याच चर्चमध्ये शिरलेले बाबा, चूक कबूल करावी लागू नये म्हणून वर्षभर तिथेच जात राहिले.)

मग जून-जुलै नांगरानं गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापले आणि एकावर एक रचून घर उभं केलं. भिंती दोन हात जाड. छपरही मातीचंच, त्यामुळे बाहेर दोन दिवस पाऊस पडला की आत पाच दिवस पडतो, आणि मी एका हातात छत्री धरून डुकराचं मांस तळते. घर पुरं झालं त्या दिवशी शेजारीण आली. गुनहिल्ड आस, नॉर्वेची विधवा. तिनं घराला फेरी मारली, कोपऱ्यांचं कौतुक केलं, दोन कप कॉफी घेतली आणि मग मला बाहेर नेऊन गवतात बुडालेला हद्दीचा दगड दाखवला.

"बये, घर झकास बांधलंस," ती म्हणाली. "फक्त माझ्या जमिनीत."

अकरा पावलांनी. आणि मातीच्या घराला चाकं नसतात. गुनहिल्डचं स्वतःचं घर म्हणजे टेकाडात खणलेलं बीळ. मे महिन्यात तिचाच बैल त्याच्या छपरातून थेट पलंगावर आला होता. (बैल सुखरूप, पलंग गेला.) त्यामुळे कोंबड्यांची टोपली आणि बायबल घेऊन ती त्याच संध्याकाळी माझ्या, म्हणजे तिच्या, घरात राहायला आली. बाई वाईट नाही. हद्दीपर्यंत आणि हद्दीपलीकडे भिंत वाढवून एक खोली काढ, हे तिनंच सुचवलं, आणि ठोकळे कापायला आठवडाभर माझ्याबरोबर राबली. आता हद्द बरोबर मधल्या भिंतीतून जाते. चूल तिच्या राज्यात, माझी खाट माझ्या. मला वाटलं, सुटले. पण मी इथे राहते अशी शपथ शेजाऱ्याला घ्यावी लागते, आणि पाच मैलांत शेजारी म्हणजे गुनहिल्ड.

"तुझ्यासाठी मी नांगराला जुंपून घेईन," ती म्हणाली. "पण बायबलावर हात ठेवून खोटं नाही बोलणार. माझ्या दारानं ये-जा करतेस, म्हणजे तू माझ्या घरात राहतेस."

यात चूक काढता येईना. दोन खोल्यांमधली वाट तिनं स्वतःच बुजवली, कॉफीची किटली जाईल एवढं भोक ठेवून. गेले बारा दिवस मी परकरासकट खिडकीतून ये-जा करते, आणि गुनहिल्ड दर वेळी पलीकडून विचारते, "उतरलीस का गं नीट?" शपथेच्या आधी माझं स्वतःचं दार हवं, म्हणून भिंतीवर त्याची जागा आखून ठेवली आहे, पण फळ्या कापायला इथे एक झाड नाही.

बर्फ पडायच्या आत परत ये, आईची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे, असं तुम्ही लिहिलंत. वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मी येणार नाही, दादा. या वर्षी नाही, पुढच्याही नाही.

तुमची धाकटी बहीण,
अल्मायरा

ता. क. मला इथे कशाचीही कमतरता नाही. काही पाठवू नये.

ता. क. २. फक्त एक. मी येणार नाही हे ठरलंच आहे, तर आईच्या रिकाम्या खोलीला दार कशाला? बिजागऱ्यांसकट काढून रेल्वेनं पाठवावं, महिनाअखेरीच्या आत. स्टेशनावरून मी आणि खेचर आणू.

ता. क. ३. मापाची काळजी नको. लहानपणी त्या चौकटीवर आपली उंची मांडायचो, तेव्हापासून ते पाठ आहे. भिंतीवरची जागा त्याच मापानं आखली आहे. या वेळी तीनदा मोजलं, आणि मध्ये गुनहिल्डनं कॉफीला हाक मारली तेव्हा परत पहिल्यापासून.