अब्बांनी बांधलेलं जोतं

हाइल, सौदी अरेबिया,
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय समरीनआपा,

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहितोय. राग आहे तसाच राहू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

माझी नोकरी डिसेंबरपर्यंतच आहे. ड्राफ्ट्समनच्या जागी आता सौदी माणूसच हवा, असा नियम आलाय. माझ्या जागी मिशअल नावाचा तिशीतला इंजिनिअर आलाय आणि त्याला काम मीच शिकवतोय. माणूस चांगला आहे. आमच्याकडे सध्या या भागातल्या जुन्या घरांची यादी करायचं काम आहे. तंबू सोडून गव्हाच्या शेतीसाठी जी पहिली कुटुंबं इथं स्थिरावली, त्यांची मातीची घरं. मोजमाप घ्यायचं, नकाशा काढायचा, मालक कोण, बांधणारा कोण ते लिहायचं. बांधणाऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘माहीत नाही’ असंच आहे.

गेल्या रविवारी अबू अयादा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेलो. घर लांबूनच ओळखलं. मातीच्या घराला कमरेएवढं दगडी जोतं, चढायला चार पायऱ्या. या वाळवंटात असं जोतं घालणार आपल्या दापोलीकडचाच गवंडी. मी टेप धरून मोजत राहिलो. मिशअलने बांधणारा विचारला तेव्हा म्हातारा हसायलाच लागला. म्हणाला, “हुसेन हिंदी. मी त्याला रोज चिडवायचो, काय रे, पाऊस तुझ्या गावाहून मागवणार आहेस का? तो म्हणायचा, जोत्याशिवाय घर मला बांधताच येत नाही, पैसे कमी दे.” दुसऱ्या वर्षी तिथल्या कोरड्या नदीला पूर आला. आजूबाजूची घरं विरघळली. या एका घरात तीन कुटुंबं आणि सोळा शेळ्या दोन दिवस राहिल्या. अब्बा इथल्या गवंडीकामाच्या दिवसांबद्दल इतकं सांगायचे, पण आपल्याला पुराचं कधीच सांगितलं नाही. तेव्हा मी टेप गुंडाळली आणि म्हटलं, हुसेनमियाँ माझे वडील. म्हाताऱ्याने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

आपा, तू म्हणालीस, “तीन महिन्यांसाठी तुझ्याकडे पाठवलेला बाप तू परत दिला नाहीस, आणि कबरीवर नावसुद्धा नाही.” इथं कबरीवर नाव लिहीत नाहीत. पण अब्बा गेल्यावर तुला न कळवता मी दुसऱ्याच दिवशी दफन केलं, ते फक्त गावी न्यायच्या कागदपत्रांमुळे नाही. तू घरी आणायला सांगितलं असतंस, आणि अब्बांना तितके दिवस शवागारात ठेवणं मला झेपलं नसतं. म्हणून विचारलंच नाही. माझं चुकलं.

मिशअलने रकान्यात अब्बांचं नाव आणि आपल्या गावाचं नाव लिहिलंय. यादीतल्या घरांची माहिती लोकांना दाखवायला इथं एक खोली होतेय, तिथे भिंतीवर बांधणाऱ्याचा फोटो लावायचाय. अब्बांचा त्या वयातला एकच फोटो आहे, तुझ्या कपाटातला. आपल्या घराच्या जोत्यावर ते उभे आहेत आणि तू त्यांच्या खांद्यावर बसलीयस. मूळ फोटो तुझ्याकडेच राहू दे, तुझ्या मुन्नीला मोबाईलवर उतरवून पाठवायला सांग. तुला त्यातून कापणार नाही, तसं मिशअलला आधीच सांगितलंय. नोव्हेंबरअखेरपर्यंत चालेल. आणि जानेवारीत मी कायमचा परत येतोय. तुझ्या दारात येऊ का, तेही कळव.

फोटोची आणि तुझी वाट पाहणारा,
तुझाच
हाशिर