आज आभाळ मोकळं हाय

डोंगरवस्ती, ता. कन्नड
२ जून

चि. अजिनाथ,

आम्ही इकडं ठीक आहोत. मुकुंदवाडीत पाणी रोज येतं का? तुझी कंपनीतली पाळी बदलली म्हणे. जेवण वेळेवर करत जा. आप्पांच्या पायाची पट्टी गेल्या आठवड्यात काढली. काठी टेकत अंगणात फिरतात.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण डोंगरावर पडलेल्या त्या विजेचा विषय निघाला की तू "अक्का, रेंज नाय" म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले.

परवा चुलत्याचा हनुमान आला होता, पेढे घेऊन. आप्पांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, अजिनाथमुळं माझी मेंढरं वाचली बघा. त्या दिवशी दीडला त्याचा मेसेज आला. डोंगराला विजेचा इशारा हाय, लगेच खाली उतर. म्या पलीकडच्या अंगाला व्हतो, तसाच उतरलो."

मी चुलीपाशी होते. भाकरी तव्यावरच करपली.

दीडला हनुमानला मेसेज. आणि दोनला तू इथं आपल्याच ओट्यावर उभा राहून डोंगरावरच्या आप्पांना फोन केलास. मी माझ्या कानानं ऐकलं: "आप्पा, आज आभाळ मोकळं हाय. सांजपर्यंत वरच थांबा."

तीन वर्षं उन्हाळ्यात रोज दुपारी तू मोबाइलवर अंदाज बघून त्यांना सांगायचास. आप्पा साऱ्या वस्तीला म्हणायचे, "माझं पोरगं शहरात बसून आपल्या डोंगराचं आभाळ वाचतं."

त्या दिवशी तीनला अमृताचे आईवडील सोयरिकीसाठी घर बघायला येणार होते. आप्पांचं मळकं धोतर, अंगाला मेंढरांचा वास. तू तोंडानं बोलला नाहीस, पण मला कळत होतं. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "आप्पा पैठणला गेलेत." मी चहा घेऊन समोरच उभी होते. गप्प राहिले. ती माझी चूक, मी झाकत नाय. मला वाटलं, पोरगं लाजतंय, एवढंच. इशारा तुझ्या खिशात आहे हे माहीत असतं, तर अनवाणी डोंगर चढले असते मी.

चारला वीज पडली. अंजनाच्या झाडाखाली एकोणीस मेंढरं एकमेकांना चिकटून मेलेली, आणि दहा पावलांवर आप्पा.

दवाखान्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लई रडलास. "अक्का, मोबाइलनं दगा दिला." मी तुलाच पाणी पाजलं, तुझीच समजूत काढली. आता ते आठवलं की अंगाची आग होते.

हनुमान गेल्यावर आप्पांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. मग म्हणाले, "रत्ने, ढग मला दिसत व्हते. मावळतीकडनं काळं चढत व्हतं. कुत्रं बी कण्हत व्हतं. निघायला उठलो बी व्हतो. पण पोरगं म्हनलं आभाळ मोकळं हाय, म्हून परत बसलो."

साखरपुड्यासाठी तू पाठवलेले कपडे आले. त्यांनी पांढरा शर्ट अंगाला लावून बघितला आणि घडी करून पिशवीत ठेवून दिला. म्हणाले, "पाव्हण्यांना सांग, म्या अजून पैठणलाच हाय." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

अमृताला मी काही सांगणार नाय. तिला ते तुझ्या तोंडून कळलं पाहिजे, आणि साखरपुड्याच्या आधी. लपवून संसार मांडलास, तर त्यात माझं पाऊल पडणार नाय.

त्याआधी इथं ये. आप्पांसमोर हनुमानच्या मेसेजचं आणि त्यांना केलेल्या फोनचं सगळं स्वतः सांग. अजून एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. तू खचशील म्हणून लपवली होती, आता का लपवू? त्यांचा डावा कान कायमचा गेलाय. तेव्हा बसशील तेव्हा उजव्या बाजूला बस. अर्धवट ऐकू जायला नको.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाय. नुसतं नाव लिहिते.

रत्नमाला