मशीनच्या तोंडी घातलेलं हो

सर, काल काकू माझ्याकडे आल्या होत्या. धुळ्याहून जळगावपर्यंत एस.टी.ने, या वयात, गुडघे धरत माझ्या दुसऱ्या मजल्यावर चढल्या. कॉलेजात तुमच्या नावाची लॅब होणार आहे, स्मरणिका निघणार आहे, आणि तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीनं तिच्यात दोन पानं लिहावीत असं त्यांच्या मनात आहे. पिशवीतून त्यांनी भरीत आणि कळण्याच्या भाकरी काढल्या, माझ्याच स्वयंपाकघरात मला ताट वाढलं आणि म्हणाल्या, "त्यास्ना नावनी लॅब व्हई राहिनी वं माय. तू नही लिखशी ते कोन लिखी?" मी जेवले. भरीत अगदी तेव्हासारखंच होतं, हिरव्या मिरचीचं, वरून कांद्याची पात. आणि घास गिळता गिळता तुमची आठवण अशी आली की ताटावरून उठावंसं वाटलं. माणूस गेल्यावर राग निवतो म्हणतात. निवला असेल. किळस निवत नाही, सर, ती तशीच घशाशी बसून राहते, म्हणून आज लिहायला बसले.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून डोळे मिटून सांगता येईल. मी फैजपूरकडची, केळीच्या बागांतली पोर, धुळ्याच्या हॉस्टेलमधल्या पाणीदार वरणाला विटलेली. रविवारी तुम्ही आम्हा दोघीतिघींना जेवायला बोलवायचात. तिथेच तुम्ही मला कर्नल शिकवलात. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा वगैरे पुस्तकी बोलणं वर्गापुरतं. घरी तुम्ही काकूंच्या मांडणीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, कर्नल म्हणजे ही तुझी काकू. कुठल्या डब्यात काय आहे ते या घरात तिला एकटीला ठाऊक, बाकीचे नुसते मागणार. पण तिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन उभी केली तर ती हळदीच्या डब्यात मीठ शोधत बसेल. म्हणून ज्या मशीनवर चालवायचा त्या मशीनपुरता कर्नल बांधायचा. बांधायला घेतला की तो प्रश्न विचारत सुटतो, माणूस विटेपर्यंत. अमक्या प्रकारची डिस्क आहे का, तमकं कार्ड आहे का, प्रोसेसर कुठला. आपण हो किंवा नाही म्हणत जायचं. आणि हातात भाकरीचा तुकडा धरून तुम्ही सांगितलंत, "घरात नाही त्याला हो म्हणायचं नाही. घरात आहे त्याला नाही म्हणायचं नाही." हे वाक्य मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं नाही, इतकं ते आत गेलं.

तुमचं सोवळं तर सगळ्या कॉलेजात गाजलेलं. लॅबबाहेर चपला काढायच्या, कीबोर्ड तुम्ही स्वतः ओल्या फडक्यानं पुसणार, आणि एखाद्याच्या तोंडाला तंबाखूचा वास आला की त्याला चूळ भरायला बाहेर हाकलणार. माझे भाऊ, आमच्याकडे वडिलांना भाऊच म्हणतात, तुम्हाला भेटायला आले ते खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन. घरच्या बागेतला. तुम्ही हात जोडलेत आणि विद्यार्थ्यांच्या घरचं काही घेत नाही म्हणून तो घड हॉस्टेलच्या मेसमध्ये पाठवून दिलात, एक केळंसुद्धा ठेवून घेतलं नाहीत. स्टँडवर परत जाताना भाऊ मला म्हणाले की हा माणूस देवमाणूस आहे, हा म्हणेल तसं कर. त्याच भेटीत तुम्ही त्यांना शब्द दिला होतात. निकाल लागला की पोरीला लॅब असिस्टंटच्या जागेवर घेतो, लग्नाची घाई करू नका. दोंडाईच्याचं एक स्थळ तेव्हा दारात येऊन बसलेलं. भाऊंनी मान डोलावली. नोकरी लागली तर स्थळाला नाही कळवू, नाही लागली तर पुढच्या उन्हाळ्यात बार उडवून देऊ, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. त्यानंतर आठवड्याभरात तुम्ही लॅबची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवलीत. वर्गातल्या एकाही मुलाला कधी दिली नव्हती. मी ती सॅकच्या आतल्या बंदाला बांधून ठेवायची आणि येता जाता चाचपून बघायची.

मग नवी मशीन्स आली. शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. चारशे शहाऐंशी नंबरचा प्रोसेसर म्हणजे तेव्हा आमच्यासाठी आकाश ठेंगणं. त्यात दोन प्रकार होते. एक भारीतला, डी.एक्स., त्याच्या पोटात गणित करणारा भाग असायचा. दुसरा स्वस्तातला, एस.एक्स., त्यात तो नसायचा. बाहेरून, वर पंखा चिकटवलेला असला की, दोन्ही सारखेच. आपली डी.एक्स. होती, निदान कागदावर तरी. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून आपण लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, ती सगळ्यांवर चालली. चालणारच, सीडीवरचा कर्नल तयार कपड्यासारखा, कुणाच्याही अंगाला बसेल असा सैल शिवलेला. पण तपासणी समिती येणार होती आणि तुम्हाला मिरवायचं होतं की आमच्या मशीनसाठी आमच्या विद्यार्थिनीनं बेतून कर्नल बांधला आहे. मी बसले. प्रश्न आला, गणिताच्या चिपची नक्कल, म्हणजे चिप नसेल तर तिचं काम रखडत का होईना उरकणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्ये घालायची का? चिप घरात असताना नक्कल कशाला? मी नाही म्हटलं. सकाळी बांधायला लावलेला कर्नल दुपारी जेवून येईतो तयार झाला, मशीन चालू केलं, आणि स्क्रीनवर चार ओळी येऊन ते थांबलं. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता की गणिताची चिप सापडत नाही, तिची नक्कलही नाही, तेव्हा मी सोडून देतो. दुसरं मशीन, तिसरं मशीन, सगळ्यांचं तेच. पूर्ण वर्ग मागे उभा होता. तुम्ही आलात, वाचलंत, आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "घरात काय आहे ते कळत नाही, तर स्वयंपाकघरात कशाला शिरलीस?" मुलं फिसकन हसली. माझे कान तापले. आजही हे लिहिताना तापतात.

दुसऱ्या दिवशी मी त्याच प्रश्नाला हो म्हणून पुन्हा बांधला आणि सगळी मशीन्स निमूट चालू झाली. मग एक ओळ टाइप करून मशीनला विचारलं की बाबा रे, तू आहेस तरी कोण. आपली सगळी ओळख त्यानं ओळीनं सांगितली आणि गणिताच्या भागासमोर लिहिलं, नाही. मी तुम्हाला बाजूला बोलावून दाखवलं. वाटलं होतं, काल बोललो ते चुकलं म्हणाल. तेवढं तरी. तुम्ही चष्मा काढून पुसलात, मग स्क्रू-ड्रायव्हर आणून एका मशीनचं झाकण काढलंत, पंखा उचकटून खालच्या चिपवरचं 'एस.एक्स.' वाचलंत आणि झाकण परत लावलंत. खोकी आली तेव्हा एकही न उघडता तुम्ही 'तपासून घेतली' म्हणून सही केली होती, हे मला त्याच दिवशी कळलं, कारण दुपारी ती मशीन्स पुरवणारा सप्लायर आला आणि हसत हसत तेच म्हणाला. मशीन बदलून द्यायचं तुम्ही म्हणालात, तर तो म्हणाला, सर, सही तुमची आहे. तोंडात गुटख्याचा तोबरा. बोलता बोलता उठला आणि लॅबच्या बेसिनमध्ये पचकन थुंकला. चपला घालून आला होता तो, सर. तुम्ही पाण्याचा मग उचललात आणि त्याची ती लाल थुंकी पाणी ओतून ओतून बोटानं लोटलीत, चेहऱ्यावर हसू ठेवून. माझ्या बापाची केळी तुम्हाला चालली नव्हती. मी तेव्हा कोपऱ्यातल्या मशीनमागे बसून हे सगळं बघत होते. आजही कुठे लाल डागांचं बेसिन दिसलं की मला त्या माणसाची आठवण येत नाही, तुमची येते.

तरी मी म्हणत होते, सर वर कळवतील. चूक झाली, न बघता सही केली, असं लिहून देतील. लोक चार दिवस बोलले असते आणि विसरले असते. त्याऐवजी समितीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. आवाज अगदी रविवारच्या जेवणाच्या वेळचा, मायेचा. म्हणालात की समितीतला एखादा शहाणा मशीनला ती ओळख विचारेल. कर्नलचा सगळा सोर्स, मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, आपल्याजवळ आहे. जिथे ते 'नाही' छापतं, तिथे 'हो' छापायला सांग, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुझ्या जागेचं पत्र मी याच आठवड्यात काढतो. मी म्हटलं, "सर, घरात नाही त्याला हो म्हणायचं नसतं." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. हात पुढे केलात, तळवा वर करून, आणि म्हणालात, "किल्ली." सॅकच्या बंदाची गाठ मला सुटेना, तुम्ही तो हात तसाच धरून उभे राहिलात. मग खुर्चीवर बसून माझ्यासमोरच तुम्ही ती ओळ शोधलीत. थोडा वेळ लागला, दोनदा चुकीच्या फाइलमध्ये गेलात. सापडली, बदललीत, कर्नल पुन्हा बांधायला लावलात आणि उठताना कीबोर्ड फडक्यानं पुसून ठेवलात.

समिती आली, मशीनला विचारलं, मशीन हो म्हणालं. टाळ्या पडल्या. जागेचं पत्र दुसऱ्याच्या नावानं निघालं आणि उन्हाळ्यात मी दोंडाईच्याला सून म्हणून गेले. भाऊ मांडवात म्हणत होते, सरांना बोलावलं होतं, कामात असतील. मी त्यांना काही सांगितलं नाही, देवमाणूस हिरावून घेऊन काय मिळणार होतं त्यांना. नवरा चांगला निघाला, पुढे जळगावला आलो, मी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. हे तुमचं पुण्य नव्हे, सर, तेवढं श्रेय घेऊ नका. पण मला सगळ्यांत घाण वाटतं ते वेगळंच. माझ्यामागच्या वर्षाची एक मुलगी नंतर बाजारात भेटली. तुमच्या लॅबमध्ये त्यांचे आकडेमोडीचे प्रोग्रॅम रखडत चालायचे. चालणारच, चिप नाही, नुसती नक्कल. पोरं म्हणायची, सर, मशीनच हळू आहे. तुम्ही ती ओळ काढून दाखवायचात, बघा, हो लिहिलंय, मशीन उत्तम आहे, तुमचा प्रोग्रॅमच भिकार आहे. ती मुलगी मला म्हणाली, तेव्हाच मला कळलं ताई की आपल्याला हे जमायचं नाही, मी सोडून दिलं. भाजीची पिशवी घेऊन ती हसत सांगत होती. मी तिला तिथेच सगळं सांगितलं. तिचं हसू गेलं, पण वर्षं काय परत येतात थोडीच.

लोक म्हणायचे तुम्ही सप्लायरकडून खाल्लं. मला नाही तसं वाटत. तुम्ही एक रुपयासुद्धा घेतला नसेल, आणि म्हणूनच मला जास्त शिसारी येते. चोराचं निदान पोट तरी भरतं. तुम्ही हे सगळं शेण खाल्लंत ते कशासाठी, तर आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून. एका न वाचता केलेल्या सहीसाठी. राहिलं की नाव स्वच्छ. आता दारावर लागेल, पितळी अक्षरांत. तुमच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढायची पाटीसुद्धा लागेल बहुतेक.

काल हे सगळं माझ्या जिभेवर होतं. काकू समोर पाटावर बसून माझ्या ताटात भाकरी कुस्करून घालत होत्या, तूप सोडत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या की तुम्ही शेवटच्या दुखण्यात एकदा माझी चौकशी केली होती, ती पोर कुठे असते आता म्हणून. खरं की त्यांनीच मनानं जोडलेलं, मला विचारवलं नाही. मी हात धुतले, कागद घेतला आणि त्या पान खात बसल्या तेवढ्यात त्यांना दोन पानं लिहून दिली. सर तत्त्वाचे होते, लिहिलं. सरांनी आम्हाला नाही म्हणायला शिकवलं, लिहिलं. त्यांनी ते कागद डोळ्यांना लावले आणि पिशवीत ठेवले. हे आज लिहिलेलं मात्र कुणाच्या हातात पडणार नाही. तुम्हाला ती ओळ शोधायला तरी वेळ लागला होता, सर. मला तेवढाही लागला नाही.