प्रतिभाला न विचारलेली गोष्ट

केदारेश्वराला स्मरून मी, धीरज उखा चौधरी, वय ४९, धंदा शेती, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, हे लिहून ठेवतो. शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत. पुढच्या आठवड्यात सुरतेला हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही.

१. राहते घर पत्नी मयूरी हिला. ट्रॅक्टर आणि नदीकडचे केळीचे शेत मुलगा लखन याला. क्लच हळू सोडावा, हे त्याला शेवटचे सांगतो.

२. विहिरीचे शेत, दीड एकर, बहीण प्रतिभा हिला. ते मूळचे तिच्याच वाट्याचे. वडील गेल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिने मला हक्कसोड लिहून दिली होती.

३. हे कलम लिहायला मला तेरा वर्षे लागली. प्रतिभा वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. आहे, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. २०१२ च्या उन्हाळ्यात तिचे विभागप्रमुख घरी आले. ओट्यावर बसून मला म्हणाले, "धीरजभाऊ, कायम जागेसाठी ताईंचं नाव पाठवतो. पण आधी सहा महिने बाहेरगावी प्रशिक्षण आहे. पाठवाल ना?"

आमची आई जसोदाबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी म्हणालो, "ती कशी जाई सर? मायनं कोन करी?"

"मग राहू द्या," सर म्हणाले. तेवढ्यात प्रतिभा चहा घेऊन बाहेर आली. तो पिताना सर आणि मी केळीच्या भावाचे बोललो.

जागा भाग्येशला मिळाली. त्याला तिनेच शिकवले होते. आज तिचे तास तोच ठरवतो. निकाल कळला त्या दिवशी तिने विचारले, "दादा, मन्हं काय कमी पडनं व्हई?" मी बैलांना पाणी दाखवायला उठलो. आई सात महिन्यांनी गेली. तरीही मी बोललो नाही.

शेत सोडायला प्रतिभाची सही लागली होती. नोकरी सोडायला तीही लागली नाही.

४. भाग्येशला मी गावभर नावे ठेवली. ती परत घेतो.

५. मुलगी काजल एम.एस्सी. करते आहे. तिच्या नोकरीचे कोणी लखनला विचारले, तर त्याने तिला बाहेर हाक मारावी आणि स्वतः उठून जावे.

६. हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सुरतेला निघण्याआधी मी तो प्रतिभाच्या हातात देणार आहे. माफी मागितली तर ती लगेच देईल, म्हणून मागत नाही.

वाचून, समजून सही केली.
धीरज उखा चौधरी

आमच्यासमोर सही झाली :
१) नवलसिंग गिरासे, सारंगखेडा
२) गोवाल वळवी, धानोरा

प्रकाशा, ११ फेब्रुवारी २०२५